सतरावा मैल

ग्रामपंचायतीला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायची ठरली
आणि गावाचा इतिहास माझ्या गळ्यात पडला,
कारण मी शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला.

शोधलं. एकही राजा इथे मुक्कामाला नव्हता.
लढाया झाल्या त्या पुढच्या गावी, नाहीतर मागच्या.
आमच्या वाट्याला घोड्यांना पाणी पाजणं.
किल्ला दिसतो, पण तो शेजाऱ्यांच्या हद्दीत.

आधी बैल होते. लमाणांचे, पाठीवर मीठ.
घाट चढून आले की त्यांचे पाय इथे आपोआप थांबत.
बैल थांबले म्हणून टाकं खोदलं,
टाकं होतं म्हणून माणूस टेकला,
माणूस टेकला म्हणून कुणीतरी भाकरी थापली.
झालं गाव. दगडटाकं.

मग साहेब साखळी घेऊन आला. रस्ता सरळ केला,
दोन्ही अंगांना वड लावले, आणि दगड रोवला:
नाशिक १७.
तेव्हापासून आम्ही आकडा झालो.
कुठले तुम्ही? सतराव्या मैलाचे.
सोयरीक जुळवतानासुद्धा हेच सांगायचे.
पुढे मैलांचे किलोमीटर झाले, सत्तावीस.
निंबाजी खैरनार मात्र मरेपर्यंत सतराच म्हणत राहिला.
सरकारनं आपल्याला दहानं लांब नेलं, म्हणायचा,
आणि भरपाई दिली नाही.

घरांची तोंडं सगळी रस्त्याकडे.
मारुतीसुद्धा डांबराकडे बघतो.
शेत मागच्या दारी, जनावरांसारखं बांधलेलं.

निघालेल्याला 'कुठे' विचारू नये,
हे सगळीकडेच पाळतात. आमचा त्यावर संसार चालला.
चहा, पंक्चर, उकडलेल्या शेंगा, द्राक्षांच्या पेट्या,
आणि सरपंच नको म्हणाले तरी लिहितो,
टँकरमधून नळीनं काढलेलं डिझेल.
विचारलं असतं तर साक्षीला जावं लागलं असतं.

हुसेन पिंजाऱ्याच्या टपरीत एक लोखंडी पेटी होती,
विसरलेल्या वस्तूंची.
छत्र्या अकरा. एक कवळी. डाव्या पायाची वहाण.
तारीख उलटलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा.
पितळी डबा, झाकणावर कोरलेलं: सौ. इंदुमती, देवळाली.
माणूस परत येतोच, हुसेन म्हणायचा,
रस्ता काय एकाच बाजूला जातो का?

मग रस्ता वर गेला. खांबांवर.
आता गाड्यांचा आवाज डोक्यावरून जातो, गाड्या दिसत नाहीत.
वड तोडले त्याआधी पोरांनी मोजून ठेवले होते,
माझ्याच तासाला. एकशे चार.
पुलावरच्या पाटीवर आमचं नाव नाही.
खाली बोगद्याशी आहे, तेही 'दगडताके'.
पोरं खांबांमध्ये क्रिकेट खेळतात.
चेंडू पुलावर गेला की आउट,
कारण तो मग धुळ्याला जातो.

दार मात्र कुणी फिरवलं नाही.
संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात,
समोर सिमेंट, त्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात.

मागच्या वैशाखात एक मोटार चुकून खाली उतरली.
म्हातारा, सोबत नात. लघवीला जागा हवी होती.
हुसेनच्या सुनेनं मोरी दाखवली, चहा टाकला,
आणि पेटी उघडून पुढ्यात ठेवली.
विचारलं काहीच नाही.
तो बराच वेळ बघत राहिला. मग एक छत्री उचलली.
मुठीवर दुसऱ्याचंच नाव होतं, आम्हाला पाठ आहे ते.
त्यानं ती उघडली, भर उन्हात, घरात,
पुन्हा मिटली,
आणि 'हीच' म्हणाला.

हे इतिहासात बसेना. सरपंचांनी गाळलं.
स्मरणिकेत दगडाचा फोटो आलाय, आकडा नीट उठला नाही.

पेटीत आता छत्र्या दहा.